गिधाडांचं मैदान

माझं माहेर बडोद्यातलंच, मांडवीच्या आतलं. आजोबा सरकारी घोडदळात होते असं आमच्याकडे छाती काढून सांगायचे, पण खरं सांगायचं तर ते घोड्यावर बसणारे नव्हते, घोड्यांना खरारा करणारे होते, आणि वडील तेवढंही नव्हते, ते कापडाच्या दुकानात गजाने माप घालायचे. पण जनावराची भीती आमच्या घरात कुणाला नाही, ती तिथूनच आली असणार. मी विमल. दहावी झाले, एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम धरलं, तिथे सिस्टरच्या हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकले. मग लग्न. नवरा मकरपुऱ्याला लेथवर होता. नव्वदनंतर सगळीकडे नवीन कारखाने येतायत, नवीन माल येतोय असं पेपरात यायचं, आणि आमच्या ह्यांचा जुना कारखाना त्याच दिवसांत बंद पडला. मग काय, कुणीतरी पगार आणायला हवा ने. डभोई रस्त्याला पांजरापोळ आहे, म्हातारी, लंगडी, दूध आटलेली गुरं ठेवतात तिथे, त्यांना दवापाण्याला बाई हवी होती. मी गेले. शेठ म्हणाले, बेन, माणसांना इंजेक्शन देता, गाईला जमेल का? मी म्हटलं, शेठ, सुई तीच, गाय ओरडते कमी.

तेव्हापासून तिथेच आहे.

आता तुम्ही विचारलंत गिधाडांचं, तर आधी मैदान समजून घ्या. पांजरापोळीच्या मागे चार-पाच वीघे पडीक जमीन होती, कडेला तलावडी, तलावडीच्या काठाला एक जुना आंबा, कलमी नव्हे, गावठी, तीन मजली घराएवढा उंच. पांजरापोळीत गुरं मरायलाच येतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मेलं की रवजी, आमचा गोवाळ, तो पाणी पाजल्यासारखं करायचा, तोंडात तुळशीचं पान ठेवायचा, मग मगनकाका बैलगाडीत घालून मागे मैदानात न्यायचे. मगनकाका कातडं काढायचे, ते त्यांचं पिढीजात काम होतं, आणि हाडंही तेच गोळा करून हाडांच्या गिरणीवाल्याला द्यायचे. कातडं निघालं की ते बाजूला व्हायचे, विडी पेटवायचे आणि वर बघायचे. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी मला म्हणाले, बेन, लांब उभी रहा, पंगत बसते आता.

वर काही नव्हतं. स्वच्छ आभाळ. मग एक ठिपका, मग चार, आणि मग काय सांगू तुम्हाला, आभाळातून पोती टाकावीत तशी ती खाली यायला लागली, पंखांचा आवाज असा की ताडपत्री वाऱ्याने फाटतेय. चाळीस-पन्नास असतील. आधी कावळे डोळे खातात, मग ही बसतात, मान आत घालून, भांडत, एकमेकांच्या पाठीवर चढून. अर्ध्या तासात म्हैस संपायची. नंतर ती पांढरी लहान जात यायची, खेरो म्हणतात इकडे, ती उरलंसुरलं टिपायची, मग किडे, मग मुंग्या. दुपारी मगनकाका हाडं उचलायला गेले की हाडं धुतल्यासारखी. वास नाही, माशी नाही. आणि तिथलं गवत असं वाढायचं की पुढच्या पावसाळ्यानंतर तेच कापून आम्ही गाईंना घालायचो. मी घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, आधी आंघोळ करून ये, मग बोल. पण मला त्यात घाण कधी वाटली नाही. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, असं चाललं होतं, आणि कुणी मांडलं नव्हतं, आपलं आपण मांडलेलं होतं. मगनकाका म्हणायचे, गीध लोकांना उपवास नाही, एकादशी नाही, एकदम चोख कामगार.

असं काही वर्षं चाललं.

मग कधी बदललं ते मला नेमकं सांगता येत नाही, कारण कमी होणं दिसत नाही हो, जास्त होणं दिसतं. एक दिवस मगनकाका म्हणाले, आज पंगत छोटी. पुढच्या वर्षी म्हणाले, कुठे लग्नाला गेलीत वाटतं सगळी. मग हसणं बंद झालं. आंब्यावर जी बसायची ती माना खाली टाकून बसायला लागली. म्हणजे झोपलेली नाहीत, डोळे उघडे, पण मान अशी लोंबती, छातीखाली, जणू मानेतलं हाड कुणी काढून घेतलंय. दोन दिवस, तीन दिवस, तशीच. तुम्ही खालून टाळी वाजवा, दगड मारा, हलायचं नाही. आणि मग केव्हातरी धप्प. आम्ही गोठ्यात असायचो आणि मागून तो आवाज यायचा, धप्प, पिकलेला फणस पडावा तसा, आणि रवजी माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघायची नाही.

त्यांच्या जागी कुत्री आली. पण कुत्र्याचं काम ते नव्हे. कुत्रं मऊ खातं, बाकीचं टाकतं. म्हैस आठ-आठ दिवस पडून राहायची, फुगायची, त्यातून पाणी सुटायचं, उंदीर झाले, माशा अशा की गाईंच्या डोळ्यांचे कोपरे दिसायचे नाहीत. आणि ती कुत्री भुंकायची नाहीत. तीस-चाळीस कुत्री मैदानात, आणि आवाज नाही. तुम्ही कुंपणाशी गेलात की सगळी तोंडं एकदम वळायची आणि नुसती बघत राहायची, शेपूट हलवणं नाही, गुरगुरणं नाही. जेवायला बसलेल्या घरात अनोळखी माणूस शिरल्यावर घरचे बघतात तसं. मगनकाकांना त्यातल्या एकाने पोटरीला धरलं. मी त्याच दिवशी ओढत सरकारी दवाखान्यात नेलं, सगळी इंजेक्शनं पुरी करायला लावली. ते म्हणत होते, बेन, मिरची लावतो, बरं होईल. मी म्हटलं, मिरची भाजीत घाला.

मी घाबरट नाही. पण त्या दिवसांत दुपारी मागच्या बाजूला एकटी जायला मला नको वाटायचं. वर इतकं मोठं आभाळ आणि त्यात कुणीच नाही, हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. मोकळं आभाळ म्हणतात ते चांगलं असतं, हे रिकामं होतं.

मग हेतल आली. कॉलेजात प्राण्यांचं शिकणारी मुलगी, स्कूटीवर बर्फाचा डबा घेऊन. मेलेली गिधाडं गोळा करते म्हणाली. रवजी म्हणाला, घ्या, हिला नवरा मिळणार आहे का बघा. ती पडलेली दोन डब्यात भरून घेऊन गेली आणि काही महिन्यांनी परत आली, आणि सरळ माझ्या औषधांच्या कपाटाशी गेली. एक बाटली काढली. विमलबेन, हे कोण देतं?

मी म्हटलं, मीच देते. दुखण्याचं आहे. दाक्तरसाहेब आठवड्यातून दोनदा येतात, लिहून देतात, सगळी इंजेक्शनं माझ्याच हातची.

तिने मला पायरीवर बसवून सांगितलं. डायक्लोफिनॅक त्याचं नाव, मी रोज बाटलीवर वाचायची. आधी ते माणसांना मिळायचं, मग गुरांसाठी स्वस्त निघालं, गल्लीच्या मेडिकलमध्ये मिळायला लागलं. गाईला त्याने काही होत नाही, दुखणं थांबतं. पण इंजेक्शन घेतल्यावर एक-दोन दिवसांत गाय मेली तर ते मांसात राहतं, आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याचे गुर्दे बंद पडतात. आत सगळं पांढरं होतं म्हणाली, चुना पोतल्यासारखं. मी विचारलं, एका गाईने किती मरतात? ती म्हणाली, तुमच्या पंगतीला किती बसायची?

मी रडले वगैरे नाही. मी हिशेब करत होते की आपल्याकडे मरणाऱ्या गाईलाच तर आपण ते देतो. बरी होणारी गाय पांजरापोळीत येतच नाही. दया म्हणून शेवटच्या दिवशी द्यायचं. म्हणजे दुसरीकडे एखादी विषारी असेल, आमच्याकडे जवळपास प्रत्येक.

शेठकडे गेले. ते म्हणाले, बेन, गाय तडफडते ती मी बघू? पक्ष्यासाठी? लोक दान कशाला देतात? त्यांचंही खोटं नव्हतं. तुम्ही तडफडणारी गाय बघितली आहे का? मी रोज बघते. मग मीच मार्ग काढला. तेव्हा आंब्यावर एकच जोडी उरली होती, एकच, पण दर हिवाळ्यात घरटं करायची. मी शेठना म्हटलं, इंजेक्शन बंद नको. ज्या गाईला देईन तिच्या डाव्या शिंगाला गेरूचा पट्टा ओढीन. गेरू असेल ती खड्ड्यात पुरायची, नसेल ती मैदानात. मगनकाका कुरकुरले, काळी माती खोदायची म्हणजे कंबर जाते, आणि पुरलेल्याचं कातडंही नाही, हाडही नाही. पण जोडी त्यांनाही बघायला आवडायची. ते म्हणाले, चालो, दोन गिऱ्हाईकं तर टिकवू.

दोन हिवाळे ते चाललं. पहिल्या हिवाळ्यात त्यांचं पिल्लू उडालं. हेतल दुर्बीण घेऊन यायची, मला दाखवायची. कुरूप असतं हो पिल्लू, लोकरीच्या मळक्या गोळ्यासारखं. पण उडालं. मी घरी त्या दिवशी शिरा केला, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा अंडं घातलं, आणि उत्तरायणाच्या आधी चार-पाच दिवस हेतल म्हणाली, विमलबेन, फुटलं.

आता बडोद्याची उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, तुम्हाला सांगायला नको. लोक गच्चीवर पतंग उडवतात आणि सकाळी पुण्य करायला गाईंना घूघरी घालतात, बाजरी-गहू शिजवून, वर गूळ, तेल. ज्याच्या दारी गाय नाही तो पांजरापोळीत येतो. पातेली, बादल्या, रिक्षातून कढया. म्हाताऱ्या गाई, जन्मभर कडबा खाल्लेल्या, त्यांच्यापुढे मणामणाने शिजलेलं धान्य. मी दरवर्षी ओरडायची, बस करा, पोटं फुगतील. बायका मला म्हणायच्या, तुम्ही मराठी लोक फार कंजूस हं, गाईच्या तोंडातला घास पण मोजता. आणि हाताने गाईच्या कपाळाला, शिंगांना कंकू लावायच्या. नवीन सोसायट्या झाल्या होत्या त्या बाजूला, गाड्या आल्या होत्या लोकांकडे, त्या वर्षी तर रांग रस्त्यापर्यंत.

वासी उत्तरायणच्या सकाळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मी गेले तर अकरा गाई आडव्या. पोटं नगाऱ्यासारखी, डोळे बाहेर. दाक्तरसाहेबांना बोलावलं, ते नळ्या घालत होते, तेल पाजत होते, आणि मला म्हणाले, सगळ्यांना दुखण्याचं द्या, पटापट. मी देत गेले. गेरूची वाटी घेऊन मागे फिरले तर सगळी शिंगं कंकवाने लाल. डावं-उजवं सगळं लाल. गेरूचा पट्टा ओढला तर दिसेना. मला काय सुचावं? खिळ्याला सुतळीचं रीळ टांगलेलं. मी ज्यांना इंजेक्शन दिलं त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या मागच्या डाव्या पायाला सुतळी बांधली, घट्ट, दुहेरी गाठ. रवजीला सांगितलं, सुतळीवाली खड्ड्यात, मगनकाकांना सांग. तो हो म्हणाला. एक तर म्हातारा, त्यात त्याच्या हाताने वाढवलेल्या गाई मरत होत्या, त्याने काय ऐकलं असेल. संध्याकाळी मी घरी आले. तोपर्यंत एकही मेली नव्हती.

सकाळी आठला गेले. सात गेल्या होत्या पहाटेपर्यंत. रवजी गोठ्यात बसलेला, आणि त्याच्याजवळ जमिनीवर सुतळीचे सात तुकडे, नीट गोळा करून ठेवलेले.

मी म्हटलं, रवजीभाई, ह्या सोडल्या कुणी?

तो म्हणाला, मी, बेन. बांधलेलं जनावर कसं जाऊ द्यायचं? गाठ राहिली तर जीव अडकतो.

मला हे माहीत नव्हतं का? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हातातला गंडा मीच कापला होता. आमच्याकडे गाय मेली की पहिलं दावं सोडतात, गळ्यातली दोरी काढतात, मी इतकी वर्षं रोज बघत होते. आणि मी मरणाऱ्या गाईला गाठ बांधली आणि त्या माणसाने ती ठेवावी असं धरून चालले. चूक त्याची नाही. मगनकाकांनी शिंगं बघितली, सगळी लाल, पाय बघितले, काही नाही, सातही मैदानात ठेवल्या. त्यांना वाटलं, ह्या नुसत्या घूघरीने गेल्या.

मी मागे धावले. दोघंही खाली होती. कुत्री होती, पण लांब, अर्धगोल करून बसलेली, बघत. ती दोन मधोमध, माना आत घालून. मी ओरडले, काठी घेऊन गेले, पदर हलवला, मगनकाका मागून आले त्यांनी ढेकळं मारली. ती उडाली, जडपणे, गळ्याची पिशवी भरून फुगलेली, आणि आंब्यावर जाऊन बसली. एक घरट्यावर वाकली, आणि मान खालीवर करायला लागली. मगनकाका म्हणाले, भरवते पोराला. मी तिथेच उभी राहिले. वर बघून ओरडावं, थांब म्हणावं, तर कुणाला?

दिवसभर आम्ही सातही खड्ड्यात घातल्या. उपयोग काही नव्हता, पण घातल्या.

दुसऱ्या दिवशी एकाची मान लोंबली. तिसऱ्या दिवशी ते पडलं, तलावडीच्या चिखलात. दुसरं घरट्यावर बसलेलं होतं. पिल्लाचा आवाज यायचा एरवी, कुरकुर, दाराची बिजागरी वाजावी तसा, तो कधी थांबला ते मला कळलं नाही. दुसरं मात्र बसूनच. मान घरट्याच्या काठावरून खाली सोडलेली, पंख जरासा उघडा. मगनकाका म्हणाले, जिवंत आहे ही, बघा पिसं हलतात. वाऱ्याने हलत होती. चार दिवस, पाच दिवस. कावळे आंब्यावर येईनात. कुत्री आंब्याखाली येऊन बसली, गोल करून, आणि वर बघायला लागली, आवाज न करता. मी गोठ्यात सुई भरायची आणि पाठीला कळायचं की मागे ती बसलेली आहे. रवजीने त्या बाजूचं दार लावून घेतलं, दिवसासुद्धा.

सहाव्या दिवशी हेतलने झाडावर चढणारा आणला. तो वर गेला, म्हणाला, ही तर लाकूड झालीये. पंखाखाली पिल्लू होतं. त्याच्या गळ्याची पिशवी भरलेली होती.

हेतलला मी तिथेच सांगितलं, सुतळी मी बांधली, रवजीला काही बोलू नकोस. ती म्हणाली, मी कुणालाच बोलत नाही, विमलबेन. तिने ती बर्फाच्या डब्यात ठेवली, मोठी मावत नव्हती, पंख दुमडायला मी हात लावला. शेठ नंतर म्हणाले, बेन, चार गाई वाचल्या ते बघा. मी बघितलं. चार गाई खरंच वाचल्या. त्यातली एक अजून आहे, आंधळी झाली आहे, पण खाते.

आता ते इंजेक्शन गुरांसाठी बंद झालं, सरकारनेच केलं. दुसरं आलं आहे, त्याने गिधाडांना काही होत नाही म्हणतात, मी तेच देते. घूघरीला मी दारात उभी राहते, एका माणसाची एक वाटी, कुणी कंजूस म्हणा नाहीतर काही म्हणा. रवजी गेला. मगनकाका आहेत, पण कातड्याला आता कुणी विचारत नाही, आणि शेठचा मुलगा म्हणतो सगळंच खड्ड्यात घाला, मीठ टाका, बाजूला सोसायटी आलीये, लोक तक्रार करतात. बरोबर आहे त्याचं.

पण जिला काहीच औषध दिलेलं नाही, आपल्या आपण गेली, अशी एखादी महिन्यातून निघते. ती मी मगनकाकांना मैदानात ठेवायला सांगते. आणि काठी घेऊन कुंपणाशी बसते, कुत्र्यांना लांब ठेवायला. ती अर्धगोल करून बसतात, मीही बसते. हेतल आता दुसरीकडे नोकरीला आहे, कधी फोन करते, विचारते, काही दिसलं का? मी म्हणते, नाही. ती म्हणते, विमलबेन, दुसरीकडे कुठे कुठे थोडी उरली आहेत. मी म्हणते, असू दे, सुखी असू देत.

बारा वाजेपर्यंत बसते. मग उठते, पदर झटकते आणि मगनकाकांना हाक मारते, चला काका, पुरून टाकू.